खाणवाल्यांचा माणूस

आमदारबाईंच्या कार्यालयात कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. दगडखाणीत धूळ दाबायला पाण्याचे फवारे सक्तीचे करणारा कायदा त्यांची समिती तयार करत होती. बाईंनी आज एखादं कलम बदललं, की उद्या खाणमालक संघटनेचा माणूस हसतमुखाने हजर, आणि त्या कलमाला तोडही तयार. बरं, स्वारी काही देऊ करेल तर शपथ. लाचेचं नाव काढलं असतं तर बाईंनी त्याला चारचौघांत उभा सोलला असता. पण हा गृहस्थ अगत्याने तब्येतीची चौकशी करायचा आणि जाता जाता मसुद्यातला शब्दन् शब्द बोलून दाखवायचा.

बाईंना आता सगळेच चोर दिसू लागले. चहावाला कप उचलताना जरा रेंगाळला, की कपाळावर आठी. उपसचिव खिडकीशी फोनवर बोलला, की बाईंचे कान तिकडे. शेवटी गदा आली ती टंकलेखकावर. त्याच्या मेहुण्याचा खडी वाहणारा ट्रक आहे, एवढं कळल्याबरोबर त्याची बदली झाली. बिचारा एक शब्द न बोलता गेला. बाईंना तोही पुरावाच वाटला.

पुढचं कलम मालकांच्या तुरुंगवासाचं होतं. ते बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं, कपाटात कुलूपबंद केलं. दुसऱ्या दिवशी तो माणूस हसत म्हणाला, तुरुंगवास जरा जास्तच होतोय.

वैतागलेल्या बाई दुपारी थेट दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांचा दादा होता. खडी फोडून त्याने बहिणीला वकील केलं आणि स्वतःच्या छातीत धूळ साठवली. खरं तर हा कायदा त्याच्यासाठीच. लिहिलेलं प्रत्येक कलम बाई त्याला फोनवर वाचून दाखवायच्या. दादाला समजलं तर कुठल्याही कामगाराला समजेल, हा त्यांचा हिशोब.

खाटेशेजारी खाणवाल्यांचा माणूस संत्रं सोलत बसला होता. बाईंना पाहून तो उठला, अदबीने नमस्कार करून बाहेर गेला.

"हा इथे कधीपासून येतो?"

"रोज येतो," दादा म्हणाला. "तू फोन करतेस, तो येतो."

"आणि तू त्याला सगळं सांगतोस?"

"विचारत काही नाही गं तो. आज काय विशेष म्हणतो, मी सांगतो. दिवसभर माझ्याकडे दुसरं असतं काय सांगायला?"

बाईंना रडूच कोसळायचं बाकी होतं. टंकलेखकाचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. हा माणूस कोण आहे, हे त्यांनी दादाला समजावून सांगितलं. दादाला ते आधीच माहीत होतं. सक्ती केली तर लहान खाणी बंद पडतील, पोरांचं काम जाईल, असं तो माणूस म्हणतो, आणि ते आपल्याला पटलंय, असं दादा म्हणाला.

"दादा, तुझ्या छातीची ही गत त्यांनीच केली."

त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत बाई त्याची पाठ चोळत राहिल्या.

"उद्या येतोय मी तुमच्या समितीपुढे," तो म्हणाला. "त्यांच्या बाजूनं बोलायला. गाडी पाठवणार आहेत. तू असशीलच ना समोर? तेवढीच भेट होईल."