आम्हा पंचांसमक्ष

माझी सही चांगली आहे. हे मी म्हणत नाही, आमच्या ठाण्यात येऊन गेलेले तीन जमादार म्हणाले. पंचनाम्यावर शेषेरावांची सही पडली की कागदाला वजन येतं, असं वीरण्णा जमादार चारचौघांत सांगायचा, आणि मी मूर्खासारखा फुलायचो.

गावाचं नाव सांगणार नाही. बिलोली आणि देगलूरच्या मध्ये कुठंतरी आहे, एवढं पुरे. ठाण्यासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पोलिसांना काही जप्त करायचं असलं की दोन पंच लागतात, म्हणजे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी गावातली दोन तटस्थ माणसं. पण भर उन्हात पोलिसांमागं कोण जाणार? जमादार दिसला की लोक गल्ली बदलतात. मी बदलत नसे, दुकान सोडून जाणार कुठं? पंधरा वर्षांत मी किती दारू, किती कोयते आणि किती मोटारसायकली 'समक्ष' पाहिल्या त्याला गणती नाही. बहुतेक दुकानात बसूनच पाहिल्या.

तुम्ही म्हणाल, हा तर सरळ खोटारडेपणा झाला. तेव्हा तसं वाटत नसे, खरंच वाटत नसे. चोर पोलिसांनी पकडलेला, माल टेबलावर ठेवलेला, मग मी चार पावलं चाललो की नाही याला काय अर्थ, असा माझा हिशोब होता. आणि खरं सांगायचं तर ठाण्यात खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, येणारेजाणारे बघायचे. मला ते आवडायचं.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलमधली गोष्ट. नवा कायदा यायला अजून तीन महिने होते, त्यामुळे जप्तीचं मोबाईलवर शूटिंग करायची सक्ती नव्हती. गावच्या शिवारात तीन विहिरींवरच्या पंपघरांची कुलपं तोडून कुणीतरी मोटारींतली तांब्याची तार नेली. शेतकरी ठाण्यावर चालून आले. दुसऱ्याच दिवशी भुजंगला उचललं. भुजंग म्हणजे विहिरीत पडलेल्या मोटारी बुडी मारून काढणारा गडी. गावातली प्रत्येक विहीर त्याला आतून ठाऊक, म्हणून संशयही त्याच्यावरच.

दुपारी वीरण्णा दुकानात आला. हाताने लिहिलेला कच्चा पंचनामा माझ्यापुढं टाकला.

"शेषेरावजी, एवढं टाईप करा की लवकर. साहेब बोंबलून राहिलेत."

मी टाईप करायला बसलो. 'आरोपीने आम्हा पंचांसमक्ष सांगितले की चोरीचा माल मी लपवून ठेवला असून तो काढून देतो.' पुढं आरोपी आम्हाला घेऊन स्वतःच्या घरी गेला, इथपर्यंत लिहिलेलं होतं. तिथून पुढं जागा मोकळी.

"माल कुठून काढून दिला?" मी विचारलं.

"तार तर भंगारवाल्याकडून आणलीय, ठाण्यात टेबलाखाली पडलीय. लिवा काहीतरी घरामागून. तुमाला काय सांगायचं, तुमची भाषा चांगली हाय."

माझी भाषा चांगली आहे. म्हणून मी लिहिलं, 'घराच्या पाठीमागे असलेल्या कडब्याच्या गंजीच्या उत्तरेकडील बाजूस हात घालून गोणपाटात गुंडाळलेली चौदा किलो तांब्याची तार काढून दिली.' उत्तर दिशा माझी आणि गोणपाटही माझंच. वाचून वीरण्णाने पाठ थोपटली. मी सही केली, समोरच्या हॉटेलवाल्या दगडोबाची सही आणली आणि पंचनामा पुरा झाला. त्या दिवशी घरी जेवताना मी बायकोला, केवळाबाईला, ते वाक्य ऐकवलंसुद्धा. ती म्हणाली, "तुम्ही गेलता का तिथं?" मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं.

भुजंगला जामीनदार मिळाला नाही. चोराला जामीन राहून कोण हात दाखवून अवलक्षण करून घेणार? तो जेलात राहिला. उन्हाळा गेला, मूग निघाला, सोयाबीन निघालं. मी विसरलो होतो.

दिवाळीच्या आधी त्याची बायको नागाबाई दुकानात आली. पिशवीत दोषारोपपत्राच्या प्रती होत्या. सरकारने तिला फुकटचा वकील दिला होता, त्याला द्यायला झेरॉक्स हव्या होत्या. मी पानं मशीनवर ठेवत गेलो. सातव्या पानावर माझी सही बाहेर आली, खाली आडव्या रेघेसकट. मशीन चालूच होतं, मी मात्र हललो नाही.

"अण्णा, वाईच वाचून दावता का? त्या पोलिसायनं काय लिवलंय कळू तर द्या. मला वाचता येत न्हाई."

मी वाचलं, तोच पंचनामा वाचला. पंचांची नावं आली तिथं घसा खाकरला आणि पुढं सरकलो.

"कडब्याची गंजी?" नागाबाई म्हणाली. "अण्णा, आमच्या दारात जनावर न्हाई. मागल्या साली गाय मेली, तवापासून खुटा रिकामा हाय. कडबा कशाला ठिवावा मी? मानसानं खावा?"

ती सांगत राहिली. गावात तिला कुणी सोयाबीन काढायला बोलावलं नव्हतं. मुकादमीण म्हणे, चोराची बायको रानात आली की बाया आपापले डबे सांभाळत बसतात, कामं होत नाहीत. हे सगळं ती मला सांगत होती, कारण सातव्या पानावर कोण आहे हे तिला वाचता येत नव्हतं. जाताना म्हणाली, "तुमीच एक बोलता बगा नीट."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला इतकं खवखवलं की दुपारचं शटर ओढून मी आत बसून राहिलो. लाज वाटली. आणि लाजेच्याही आधी भीती वाटली, हेही कबूल करतो.

माझी मुलगी वर्षाराणी नांदेडला कायदा शिकते. दिवाळीला घरी आली होती. परीक्षा जवळ होती, म्हणून माझ्या हातात पुस्तक देऊन म्हणाली, मी सांगते, तुम्ही चुका काढा. आणि घडाघडा सुरू झाली. चोरीला काय काय लागतं? वस्तू हलवता येण्यासारखी पाहिजे. दुसऱ्याच्या ताब्यातली पाहिजे. त्याची परवानगी नसली पाहिजे. लबाडीने घ्यायची असं मनात पाहिजे. आणि त्यासाठी ती जागची हलवली पाहिजे. यातलं एक जरी सुटलं तरी चोरी होत नाही.

"म्हणजे मनातलंही बघतात?" मी विचारलं.

"तेच तर मुख्य आहे, बाबा. नुसतं हाताने केलं म्हणून गुन्हा होत नाही, मनही दोषी लागतं."

मला एकदम हलकं वाटलं. माझ्या मनात कुठं काय वाईट होतं? भुजंगशी माझं वैर ना देणंघेणं. मी पुस्तक मिटलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "समज, एखाद्याने न बघता पंचनाम्यावर सही केली. मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मग तो सुटला ना?"

"वाईट करायची इच्छा नसली तरी गुन्हा होतो, बाबा. तिथं एवढंच बघतात, हे खोटं आहे आणि कोर्टात खरं म्हणून जाणार आहे, हे त्याला माहीत होतं का?"

"माहीत होतं," मी म्हणालो. मग घाईने म्हणालो, "असणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोरगी हुशार आहे, आईवर गेली आहे. म्हणाली, "पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्ट मानत नाही. पण आरोपीने दाखवलं आणि माल निघाला, तर तेवढं मानतं. आणि ते खरं होतं हे पंच सांगतो. अशा केसमध्ये दुसरा पुरावा नसला तर तो माणूस त्या एका सहीवर आत असतो." मग म्हणाली, "साक्ष झाली का त्या पंचाची?"

"अजून नाही."

"मग त्याला सांगा, अजून वेळ आहे."

तिने पुढं काही विचारलं नाही. माझ्या हातून पुस्तक घेतलं आणि आत गेली. बापाला नागडं बघितल्यावर लेक जशी तोंड फिरवेल तशी गेली, असं मला वाटलं.

डिसेंबरात समन्स आलं. दगडोबा तोवर हैदराबादला मुलाकडे निघून गेला होता, त्याचं समन्स परत गेलं. उरलो मी एकटा. वीरण्णा आदल्या दिवशी पंचनामा घेऊन दुकानात आला.

"पाठ करून घ्या जरा. गंजी, उत्तर बाजू, गोणपाट. तुमीच लिवलंय, तुमाला काय अवघड हाय?" मग आवाज उतरवून म्हणाला, "उलटं बोलाल तर बघा. फितूर म्हणून लिवतेत. पोरगी वकील होणार हाय तुमची."

कोर्टात भुजंग पिंजऱ्यात उभा होता. विहिरीत बुडी मारणारा तो रुंद छातीचा गडी आठ महिन्यांत निम्मा झाला होता. मी शपथ घेतली. सरकारी वकिलाने पंचनामा दाखवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"आरोपीने तुमच्यासमक्ष माल काढून दिला?"

"नाही साहेब. मी तिथं गेलोच नाही. सही ठाण्यासमोर माझ्या दुकानात केली."

वकिलाने मला फितूर जाहीर करून घेतलं आणि उलटे प्रश्न विचारले. आरोपीकडून काय मिळालं? घाबरलात का? मी नाही नाही म्हणत राहिलो. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "न बघता सही करता? शिकलेले आहात ना?" मी मान खाली घातली.

पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. हा मजकूर कुणी रचला? भुजंगच्या वकिलाला त्याची गरज नव्हती, सरकारी वकिलाला तो नको होता. आणि कुणी विचारल्याशिवाय मी सांगितलं नाही. ओठांवर आलं होतं. शपथ होती, समोर तो उभा होता, तरी गिळलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरताना मला चक्क बरं वाटलं, की आपण खरं बोललो. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडतो!

जानेवारीत भुजंग निर्दोष सुटला. गावात बोलवा झाली की शेषेराव फितला. ठाण्यातून चहाचं बोलावणं बंद झालं. वर्षाराणीने फोनवर फक्त "बाबा" म्हटलं आणि रडली. मला ते अभिमानाचं रडणं सोसेना.

सुटल्याच्या चौथ्या दिवशी दोघं दुकानात आले. नागाबाईने आल्या आल्या वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी मागं सरलो तर झेरॉक्स मशीनला धडकलो.

"देवावानी आलाव अण्णा," ती म्हणत होती. "सही पोलिसायनं दाबून घेतली आसंल, पर कोर्टात सारं गाव येकीकडं आन तुमी येकले खरं बोलला."

तिने दुकानामागच्या आमच्या घरात केवळाबाईला भेटायचं म्हणून मागचं दार विचारलं आणि ती गेली. दुकानात भुजंग आणि मी राहिलो. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"भुजंग," मी म्हणालो, "कोर्टात मी अर्धंच सांगितलं. ती गंजी मी लिहिली. जमादाराने जागा मोकळी सोडली होती. उत्तर बाजू, गोणपाट, सगळं माझं. तुला आत घालणारं वाक्य माझं आहे."



"ठावं हाय मला," तो म्हणाला. "जमादारानं त्याच दिशी मला वाचून दावलं. हासत व्हता. म्हनला, बघ आमच्या शेषेरावनं किती झ्याक लिवलंय, आता तूबी न्हाई म्हनू शकत न्हाईस."

मी स्टुलावर बसलो. "मग बायकोला बोलला नाहीस? ती माझ्याकडेच येत होती."

"म्हनून तर बोललो न्हाई. गावात कुनी तिच्यासंगं बोलंना. भेटायला आली की तुमचंच सांगायची, अण्णानं बसाया दिलं, अण्णानं वाचून दावलं." त्याने आतल्या दाराकडे बघितलं. आतून केवळाबाईचा आणि तिचा आवाज येत होता. "तिला सांगू नगा. गावात येक तर मानूस चांगला हाय म्हनती, ते ऱ्हाऊ द्या तिच्यापशी."

"आणि तू?"

"मी काय?" तो म्हणाला. "मला तर ठावंच हाय."

त्याने माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. नागाबाई आतून आली, पुन्हा हात जोडले, दोघं गेले.

त्याला आता वर्ष होत आलं. नागाबाई बाजाराच्या दिवशी दुकानावरून जाते. कधी वाळकं, कधी मेथीची जुडी काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "खावा अण्णा, घरचंच हाय." नको म्हटलं तर तिला वाईट वाटतं. म्हणून मी ते घेतो, आणि दर वेळी तिच्या तोंडाकडे बघून हसतो.