आधी वाचन, मग लेखन

“काका, फाईल कुनी उघडली होती?”

आरतीनं हे विचारलं तेव्हा मी चहाचा दुसरा घोट घेत होतो. सोमवारची सकाळ होती आणि शहापूरच्या आमच्या संस्थेच्या कार्यालयात आम्ही दोघंच होतो.

“कुठली फाईल?”

“वंशावळींची. लॅपटॉपमधली.”

“त्याला मी फाईल म्हनत नाय,” मी म्हणालो. “फाईल म्हंजे जिला नाडी असते ती.”

एरवी अशा बोलण्यावर ती हसायची. आज हसली नाही. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर फाईलचं नाव होतं आणि समोर आकडा होता शून्य. बेचाळीस कुटुंबं, चार महिन्यांचं काम, आणि शून्य.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, सापडली! पोरीनं काहीतरी घोळ घातला आणि आता पुसून मोकळी झाली.

मी नथू विशे. या संस्थेत सव्वीस वर्षं रजिस्टरं लिहितो. स्वभावानं संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझी बायको म्हणते, देवानं प्रसाद दिला तरी तुम्ही तो उलटा करून बघाल. पण संशय घेतला म्हणूनच माझ्या रजिस्टरातलं एक पान कधी फाटलं नाही की एक ओळ कुणी घुसडली नाही.

काम असं होतं. कातकरी वाड्यांवरच्या पोरांना जातीचा दाखला काढायचा तर जुना कागद लागतो. ज्यांच्या पिढ्या वीटभट्ट्यांवर आणि दुसऱ्याच्या बांधावर गेल्या, त्यांच्याकडे कागद कुठला असणार? म्हणून रंजिताताईंनी, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुखांनी, ठरवलं की वाडीवाडीवर जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून बाप, आजा, पणजा अशी नावं विचारायची, लिहायची, त्यावर पंचांचे अंगठे घ्यायचे आणि ती वंशावळ अर्जाला जोडायची.

हे काम माझ्याकडे यायला हवं होतं. ते गेलं आरती मुकणेकडे. उंबरमाळीच्या वरच्या वाडीतली पोर, तिच्या वाडीतली पहिली पदवीधर. तिनं कॉम्प्युटरच्या जावा नावाच्या भाषेत स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला. मी एकदा मागं उभं राहून पाहिलं, तर सगळं इंग्रजी, कंस आणि अर्धविराम.

“हे काय गो?”

“काका, प्रत्येक मानूस म्हंजे एक ऑब्जेक्ट. त्याला नाव, आई, बाप, वाडी. एका ऑब्जेक्टला दुसरा जोडायचा, की झाली वंशावळ.”

“ऑब्जेक्ट म्हंजे वस्तू ना? मानसाला वस्तू म्हनतेस?”

“रजिस्टरात तुमी त्याला अनुक्रमांक म्हनता, त्याचं काय?”

उत्तर मला झोंबलं. त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. यादीत मुकणे आडनाव वाढायला लागल्यासारखं वाटलं. आपल्या नात्यातले घुसवत असेल, नाहीतर भिंतीकडे पाठ करून कशाला बसते? चैत्रात तिनं नक्कल काढून ठेवायला कपाटातला पेनड्राइव्ह मागितला. मी म्हणालो, ताईंना विचारून सांगतो. विचारलं नाही. माहिती बाहेर गेली तर जबाबदार कोण?

आणि गेल्या गुरुवारी ती दाखल्यांच्या चौकशीला मुरबाडला गेली. लॅपटॉप माझ्या ताब्यात देऊन गेली. दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी तो उघडला. तिच्या प्रोग्रॅमच्या तोंडाशी मराठीत दोनच ओळी होत्या. एक, वाचन. दोन, लेखन. मला बघायचं होतं तिचं लेखन. तिनं काय लिहिलंय ते. मी दोनचा आकडा दाबला. ‘काम पूर्ण झाले’ अशी ओळ आली आणि प्रोग्रॅम मिटला. काही दिसलं नाही. मी मनात म्हणालो, बघा, लपवलंय.

पण मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलंच नाही तर पुसेन कसं? म्हणून सोमवारी मी बिनधास्त म्हणालो, “मी नाय बा हात लावला.”

रंजिताताईंनी लॅपटॉप आसनगावच्या एका दुकानात पाठवला. दुकानदारानं तो दोन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना मान हलवली. “जमत नाय. आत कायच नाय.”

बुधवारी वाड्यांवरची माणसं येणार होती. त्याआधी आरती माझ्या टेबलाशी आली. उभीच राहिली.

“काका, फाईल शेवटी कदी बदलली ते मशीन सांगतं. गुरुवार, दुपारी एक चाळीस. मी मुरबाडला होते.”

“मग?”

“मग काय नाय. इचारते.”

“तुला म्हनायचंय काय? मी पुसली?” माझा आवाज चढला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, पण मला तोवर मी चोर आहे हे ठाऊकही नव्हतं. “अगो, लिवायला उघडली म्हनून कोनी पुसतं का? रजिस्टर लिवायला उघडतो तेव्हा मागची पानं जळून जातात काय?”

ती खुर्ची ओढून बसली.

“म्हंजे तुमी दोन दाबलंत,” ती हळू म्हणाली. “काका, रजिस्टरात लिवायला उघडलं की पुढचं कोरं पान येतं. हितं तसं नाय. हितं फाईल लिवायला उघडली, की मशीन पयलं सगळं पुसून घेतं. पाटी कशी पुसून घेतो, तशी. म्हनून मी कायम आधी एक दाबते. सगळी मानसं वाचून आत येतात. मग दोन. ती सगळी परत लिवली जातात.”

“आनि एक न दाबता दोन दाबलं तर?”

“आत कोनीच नसतं. मग लिवनार काय? कोरी फाईल.”

छापून अंगठे घ्यायचं काम अजून सुरूच झालं नव्हतं, म्हणजे कागदावर काहीच नव्हतं. सव्वीस वर्षांत ज्या हातानं एक ओळ खोडली नाही, त्या हाताच्या एका बोटानं बेचाळीस घरं पुसली. चाळीस घरं परत विचारता आली असती. पण धोंडीबाई? आषाढात गेली ती. वरच्या वाडीची सगळ्यात जुनी बाई, अंगणात बसून आरतीला तिनं सहा पिढ्या सांगितल्या होत्या. तिचं घर आणि तिच्या भावाचं घर, दोन्ही तिच्याच तोंडी होती.

“ताईंना सांगनार?” मी विचारलं. लाज वाटते, पण हेच विचारलं.

“प्रोग्रॅम माझा हाये,” ती म्हणाली. “त्यानं आधी इचारायला पायजे होतं, खरंच पुसू का म्हनून. ती ओळ मी लिवली नाय. घाई होती.”

ती उठून गेली. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची शिसारीही आली.

दुपारी माणसं जमली. धोंडीबाईचा मुलगा जाणू पुढं बसला होता. साठीचा माणूस, टोपी मांडीवर. रंजिताताईंनी झालेलं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. जाणू आरतीकडे बघून म्हणाला, “आपलीच पोर म्हनून आयेनं तोंड उघडलं. दुसऱ्या कुनाला तिनं आज्याचं नाव सांगितलं नसतं. तू कुनाला इकली का ती नावं?”

“नाय मामा.”

“मग गेली कुठं? कागुद असता तर उंदरानं खाल्ला म्हनलो असतो.”

“माझी चूक झाली मामा.”

मागून एक बाई म्हणाली, “शिकली आन् आपल्यालाच खायला उठली.” आरतीनं मान खाली घातली नाही. नुसती बघत राहिली. ताई म्हणाल्या, “आरती, तू सध्या हे काम थांबव. वाडीवर जाऊ नकोस. नंतर बघू.” नंतर बघू म्हणजे काय ते कार्यालयात सगळ्यांना कळतं. आणि वाडीवर जाऊ नकोस म्हणजे? ते तर तिचं घर. तिनं लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.

तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित खिडकीबाहेर बघितलं असतं. तिनं पाहिलं नाही म्हणूनच मला राहवलं नाही.

“फाईल मी पुसली,” मी म्हणालो.

ताईंना वाटलं मी तिला वाचवतोय. म्हणून मला सगळं सांगावं लागलं. गुरुवार, डबा, दोनचा आकडा. पेनड्राइव्हही सांगितला, तो तर कुणी विचारलाही नव्हता. सांगताना मी जाणूकडे बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं.

“पन तुमी उघडली कशाला?” त्यानं विचारलं.

“मला वाटलं, ती खोटी नावं घालते.”

जाणूनं टोपी डोक्यावर ठेवली. “आमची नावं खोटी घालून कुनाला काय मिळनार हाये, भाऊ?”



आरतीचं काम तिच्याकडेच राहिलं. मलाही ताईंनी काढलं नाही. शिक्षा एकच झाली, आणि ती मीच मागून घेतली. आरतीबरोबर वाडीवर जायचं आणि ती लॅपटॉपात लिहील ते सगळं मी रजिस्टरातही लिहायचं.

वरच्या वाडीत पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना. आरतीला तिच्याच चुलतीनं पाणी दिलं नाही. गंगी नावाची म्हातारी कुडाला टेकून बसली होती. तिनं माझं रजिस्टर बघितलं, पेन बघितलं आणि विचारलं, “काय रं, लिवाया आलास का पुसाया?”

“लिवायला, आजी.”

“मंग आदी वाचून दाव काय लिवलंस ते.”

मी वाचून दाखवलं. एकेक नाव. ती प्रत्येक नावाला एक बोट दुमडत होती. दोनदा तिनं आधी सांगितलेलं नाव फिरवलं, एकदा मुद्दाम, मी ऐकतो की नाही ते बघायला. त्यानंतर आमची रीतच पडली. लिहायचं आणि लगेच वाचून दाखवायचं. तीन आठवड्यांत एकेचाळीस कुटुंबं झाली, धोंडीबाईच्या भावाचं घरही गंगीच्या आठवणीतून निघालं.

शेवटी जाणूचं घर. तो ओट्यावर बसला. आरतीनं लॅपटॉप उघडला, मी रजिस्टर.

“बाप?”

“सोमा.”

“आजा?”

“लखमा.”

“पणजा?”

जाणूनं गंगीकडे बघितलं. गंगीनं मान हलवली. कोंबडी ओट्यावर चढली, ती त्यानं हातानं खाली सारली. “आयेला म्हाइत होतं,” तो म्हणाला.

आरतीची बोटं थांबली. तिनं ते नाव एकदा ऐकलं होतं, टाइप केलं होतं. रोज आठवायचा प्रयत्न करते, असं ती मला वाटेत म्हणाली होती. आठवत नाही.

रजिस्टरात ओळ कोरी राहिली तर तिच्यावर तिरकी रेघ मारायची, असा नियम आहे. नाहीतर मागाहून कुणीही काहीही घुसडेल. मी पट्टी काढली आणि त्या ओळीवर ठेवली.

“भाऊ, कापू नका,” जाणू म्हणाला. “कुनाला कदी आठवलं तर?”

मी पट्टी उचलली. ओळ तशीच कोरी ठेवली आणि तिच्या खाली माझी सही केली.