ओत्सिलेचा कॅमेरा, बोनोलोची कालवड

ओत्सिलेनं इतका चांगला कॅमेरा एका कालवडीच्या बदल्यात द्यायची तयारी फोनवर दाखवली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कालवड म्हणजे काही मोठी खिल्लारातली राणी नव्हे. दीड-पावणेदोन वर्षांची, तांबूस, अंगानं बेताची. आणि मुळात ती माझी नव्हतीच. माझी लेक बोनोलो जन्मली त्या आठवड्यात माझ्या भावानं मामाच्या हक्कानं तिच्या नावे ती दिली. बोनोलो आता दीड महिन्याची आहे. पिऊन झोपली तरी तिचा वरचा ओठ हलत राहतो, जणू झोपेतही तिला खात्री करून घ्यायची असते की दूध अजून आहे.

मी ग्वेटा गावात आईच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत. दारात आडवं लाकूड टाकलंय, ते ओलांडून फक्त आई आत येते. रात्री रानात फिरलेला, मयताला जाऊन आलेला, लांबच्या रस्त्यानं आलेला, ज्याचे ज्याचे पाय असे तापलेले, म्हणजे बाळाला बाधतील असे, त्यानं अंगणाच्या कुंपणापाशीच थांबायचं. बोनोलोचा बाप ओरापाच्या खाणीवरून सुट्टीला आला तर आईनं त्यालाही खिडकीतूनच लेक दाखवली. बिचारा टाचा उंच करून बघत होता.

तेव्हा ओत्सिले आत येणं शक्यच नव्हतं. तो माझ्यासारखाच खाऱ्या मैदानाच्या कडेच्या कॅम्पवर वाटाड्या आहे. पाहुण्यांना दिवसा जनावरं दाखवायची, अंधार पडला की तारे. त्याच्याइतके तापलेले पाय अख्ख्या जिल्ह्यात सापडायचे नाहीत.

कॅमेऱ्याची मला गरज होती हे मात्र खरं. कॅम्पवर एक नवी जागा निघालीय, पाहुण्यांना फोटो काढायला शिकवणाऱ्या वाटाड्याची. ती जागा मिळाली की पहाटे जीप धुणं नाही, सामान उचलणं नाही, आणि लेकीला घेऊन राहायला कॅम्पवर वेगळी खोली. नाही मिळाली तर बोनोलो इथं आईपाशी आणि मी तिकडं, महिन्यातून चार दिवस भेट. अट एकच: जेवणाच्या दालनात लावायला स्वतः काढलेले आठ मोठे फोटो द्यायचे. मॅनेजरनं माझे जुने फोटो पाहिले होते. "मोबाईलवर सुंदर दिसतात, सेथुन्या. भिंतीवर लावले की दाणेच दाणे."

तो खोटं बोलत नव्हता. माझा पहिला कॅमेरा शिकणाऱ्यांसाठीचा, त्याच्याबरोबर मिळालेली लेन्सही तशीच. उन्हात मुंगसासारखे ते मीरकॅट छान येतात. पण तपकिरी तरस बाहेर पडतं ते उजेड गेल्यावर, आणि तेव्हा माझा कॅमेरा फोकस शोधत पुढे-मागे चाचपडत राहतो, तोवर तरस निघून जातं. बाओबाबच्या झाडावरची आकाशगंगा काढली तर आभाळात तारे कमी, लाल-निळी खसखस जास्त. पाच वर्षं त्याच्यावरच शिकले, त्याला नावं ठेववत नाहीत. पण त्याची धाव संपली होती.

फोन झाल्यावर दोन दिवसांनी सकाळी कुंपणाशी ओत्सिलेनं दार वाजवावं तशी हाक दिली, रीतीप्रमाणं आईला लेकीच्या नावानं. "को को! म्मासेथुन्या, आहात का घरात?"

"घरात नसेन तर काय झाडावर असेन?" आई म्हणाली. "तिथंच थांब. पुढं पाऊल टाकू नकोस."

"नाही टाकत, म्मा. सेथूसाठी वस्तू आणलीय. ती आत द्या, मी इथं सावलीत बसतो."

आई कॅमेरा घेऊन आली, पण आत आणेना. दारातल्या लाकडावर उन्हात ठेवला आणि स्वतः शेजारी बसली.

"आई, दे ना आत."

"रात्रीबेरात्री फिरलेली वस्तू आहे. उन्हात तापू दे, रात्र उतरू दे तिच्या अंगावरची. मग देईन बघायला."

असा नियम कुणी कधी सांगितलेला नाही, आईनं तो तिथल्या तिथं काढला. मी अर्धा दिवस वाट बघितली. ओत्सिले अंगणाबाहेरच्या झाडाखाली मोबाईल चाळत होता, आणि दर थोड्या वेळानं उठून पलीकडच्या गोठ्याकडं जाऊन कालवडीचे दात बघून येत होता. मला खिडकीतून दिसत होतं.

दुपारी एकदाचा कॅमेरा माझ्या हातात आला. जड, भरीव. हातात धरल्यावर बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. मोह कसा असतो ते तेव्हा कळलं. म्हणून मी मुद्दाम कठोर झाले. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बुरशीची जाळी आहे का बघितलं. नव्हती. शटर आजवर किती वेळा उघडलं ते पाहिलं. इतकं कमी, की कॅमेरा नवाच म्हणायचा. मग पडदे ओढून घेतले, लेन्सला झाकण लावलं, अर्धा मिनिट शटर उघडं ठेवून फोटो काढला. जुन्या सेन्सरवर अशा काळ्याकुट्ट फोटोतही लाल-हिरवे ठिपके चमकतात, आभाळ काढताना तेच तारे म्हणून मिरवतात. ह्यात एकही नाही. निव्वळ काळं. बाळंतिणीच्या खोलीचा असाही उपयोग.

बोनोलो मांडीवर झोपलेली होती. माझं डोकं सारखं एकाच ठिकाणी अडत होतं. खोट नाही, मग स्वस्त का?

"कसा आहे?" आईनं विचारलं.

"चांगला आहे."

"तुझं तोंड तर वाईट असल्यासारखं झालंय."

"चांगला आहे म्हणूनच झालंय."

आईनं कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला, गायीचं अंग तपासावं तसा. "ह्याच्यावर डाग कुठं आहे?"

"कसला डाग?"

"मालकाचा. बिनडागाचं जनावर गोठ्यात घेतलं तर पोलीस आधी आपल्याला विचारतात. इतकी महागाची वस्तू आणि खूण काहीच नाही?"

मी हसणार होते, पण हसू ओठातच राहिलं. असतो की डाग. मालकानं आपलं नाव भरून ठेवायची जागा ह्या कॅमेऱ्यांत असते, मेनूच्या पार आतल्या पानांत. विकताना ते पुसायचं हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. मी एकेक पान उघडत गेले. नाव होतं. ओत्सिलेचं नव्हतं. टेरव्हीन.

टेरव्हीनबाई मला चांगल्या आठवत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या आलेल्या, दोन कॅमेरे आणि गुडघ्याला पट्टा. मी तेव्हा आठव्या महिन्यात होते. मी आणि ओत्सिलेनं त्यांना तरसाचं बीळ दाखवलं होतं, आणि मैदानावर गाद्या टाकून दक्षिणेच्या आभाळातल्या दोन धुरकट दीर्घिका. "तुम्ही सावकाश बसा, आभाळ कुठं जात नाही," असं मी म्हटलं की त्या लहान मुलीसारख्या हसायच्या. त्या निघायच्या दोन दिवस आधी माझी रजा सुरू झाली होती.

मी खिडकीपाशी गेले. "ओत्सिले!"

"काय, पसंत?"

"टेरव्हीनबाईंचा कॅमेरा तुझ्याकडं कसा?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. मग म्हणाला, "दिला त्यांनी. बक्षीस."

"चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

"आता तू मला विचार कसली चिठ्ठी!"

कॅम्पवर काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पाहुण्यानं दिलेली साधी टोपीसुद्धा पाहुण्याच्या हातच्या चिठ्ठीशिवाय फाटकाबाहेर जात नाही. फाटकावर पिशव्या उघडतात. मला एकदा एका पाहुणीनं दिलेल्या मोज्यांसाठी परत पाठवलं होतं.

"हरवली," ओत्सिले म्हणाला. "कपड्यांबरोबर धुतली गेली असेल."

"कॅमेरा सांभाळलास आणि चिठ्ठी धुतलीस?" आई मधेच म्हणाली. "तुझी आई तुला कपडे धुवायला देते हेच नवल."

"म्मा, तुम्ही मला चोर म्हणताय का?"

"मी कुठं काय म्हटलं? मी कपड्यांचं बोलले."

त्याचा चेहरा पडला. खोटं कशाला सांगू, मला त्याची दयाही आली. मी नवखी असताना हत्तीसमोर जीप बंद पडली, तेव्हा माझ्या आधी खाली उतरला होता तो. पण दया आली म्हणून लेकीची कालवड देत नाहीत. चोरीचा कॅमेरा घेऊन मी त्याच कॅम्पवर फोटो लावणार, आणि उद्या बाईंचं पत्र आलं की माझा कॅमेरा राहिला होता तिथं, तर? जागाही जाईल, नावही जाईल.

फाटकाच्या वहीत प्रत्येक चिठ्ठीखाली कार्बन असतो. मूळ कागद माणसाबरोबर जातो, नक्कल वहीत राहते. मी फाटकावरच्या वडीलधाऱ्या पहारेकऱ्याला, रा मोलेफेंना, फोन लावला.

"म्माबोनोलो!" ते ओरडले. त्यांना वाटतं फोन लांबचा असला की मोठ्यानं बोलावं लागतं. "लेक कशी आहे? दूध पुरतंय का?"

लेक, दूध, आईचे गुडघे, ग्वेटाचा वारा, सगळं विचारून झाल्यावर मी कामाचं बोलले. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते एकेक शब्द वाचू लागले. पत्र पोचवावं तसे, जपून.

"एक कॅमेरा, एक लेन्स. ओत्सिले आणि सेथुन्या ह्या दोघांसाठी. माझे गुडघे आता पुन्हा इथं येणार नाहीत. ज्यांनी मला बसून आभाळ दाखवलं, त्यांनी ह्यातून बघावं. खाली सही."

"परत वाचा, रा."

त्यांनी परत वाचलं. नाव तेच होतं. माझं.

मी फोन ठेवला. बोनोलो जागी होऊन मुठी हलवत होती, तिला छातीशी धरलं. राग यायला वेळ लागला, आधी नुसतं टेरव्हीनबाईंचं हसणं आठवत राहिलं. तीन महिने हा माणूस माझा अर्धा कॅमेरा घरात ठेवून होता, आणि आता तोच मला विकायला आणला, माझ्या लेकीच्या पहिल्या जनावरावर.

आईला सांगितलं. ती उठली. बाहेर गेली, आंबलेल्या दुधाचा मोठा मग भरून कुंपणावरून ओत्सिलेला दिला. तो बावरला.

"पी," आई म्हणाली. "उपाशी माणसाला बोलायचं नसतं, म्हणून आधी पी."

त्यानं प्यायलं. मग मी खिडकीतून म्हटलं, "ओत्सिले, रा मोलेफेंकडं नक्कल आहे."

त्यानं हातातला मग खाली ठेवला.

"मग मलाच का विकायला आणलास?" मी विचारलं. "माउनला दुकानं काय कमी होती?"

"नेला होता माउनला." तो जमिनीकडं बघून बोलत होता. "दुकानदारानं हातात घेतला आणि मला बाईंचं बोलणं आठवलं. फुकट द्यायला जीव होईना, दुसऱ्याला द्यायला हात होईना. वाटलं, तुझ्याकडंच जाऊ दे, मला कालवड मिळू दे. माझ्याकडं एकही जनावर नाही, सेथू. लोक मला अजून पोरगाच म्हणतात."

मला ते खरं वाटलं. आईला नाही.

"दुकानदारानं चिठ्ठी मागितली असेल," ती म्हणाली. "चिठ्ठीवर दोन नावं दिसली असतील. मग आठवलं असेल बाईंचं बोलणं."

ओत्सिलेनं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. त्यामुळं मलाही नक्की काय ते अजून कळलेलं नाही.

"कॅमेरा माझ्याकडं राहील," मी म्हटलं. "कालवडही राहील, ती बोनोलोची आहे. मॅनेजरला सगळं तू स्वतः सांगायचंस, मी कॅम्पवर यायच्या आत. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"आणि माझा अर्धा?"

हा प्रश्न खरा होता. चिठ्ठीत त्याचं नाव माझ्या आधी होतं. बोनोलोनं बोट पकडून ठेवलं होतं, तिच्या मुठीकडं बघत मी जरा विचार केला. आमच्याकडं गाय दुसऱ्याच्या राखणीला देतात आणि राखणाऱ्याला एखादं वासरू मिळतं, तसं काहीतरी.

"कालवडीचं पहिलं वासरू तुझं. पाडी होवो नाहीतर गोऱ्हा."

"सेथुन्या!" आई ओरडली.

"अर्धा कॅमेरा आहे त्याचा, आई."

"अर्धी अक्कलही नाही त्याला!"

ओत्सिले उभा राहिला. गोठ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग आईकडं. त्याच्या कपाळावर आठी आली. "पण ती अजून गाभणसुद्धा नाही. मी तिकडं कॅम्पवर. वासरू झालं हे मला कळणार कसं?"

"आम्ही सांगू," आई म्हणाली.

"आणि झालं तर पहिलंच आहे कशावरून? तुम्ही म्हणाल, पहिलं मेलं, हे दुसरं."

आईनं रिकामा मग उचलला. "विश्वास ठेव की, बाळा."

तो कुंपणाला टेकला. मग म्हणाला, "त्यापेक्षा मी दर महिन्याला येऊन बघून जात जाईन."