झाकणआजीची गोल खिडकी

गल्लीभर तिचं नाव झाकणआजी. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, फोनला झालरीची टोपी. शेजारीण म्हणायची, "हिच्या घरात चंद्रानं डोकावायचं म्हटलं तरी आधी नाडी सोडावी लागेल."

कपडे धुण्याचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा सुनेला वरून उघडणारं हवं होतं. सून तलावावर पोहायला शिकवायची. रोज पिशवीभर ओले टॉवेल घरी यायचे. "वाकायला नको, विसरलेला मोजा मध्येच टाकता येतो," ती म्हणाली. आजी मात्र दुकानात पुढून उघडणाऱ्या मशीनसमोर खिळून उभी.

"अगं, यात सगळं दिसतं की!"

"आई, कपडे धुवायचेत. सिनेमा नाही बघायचा."

"पाणीही कमी लागतं म्हणे."

"आणि तुमचे गुडघे?"

"पिळे पिळून मनगटं गेली. गुडघे अजून माझे आहेत."

सून हसली आणि हरली. गोल खिडकीचं मशीन घरी आलं, त्याच्या डोक्यावर कपडे वाळवणारं दुसरं बसलं. आजी समोर स्टूल टाकून बसायची आणि गुणगुणायची,

गोल खिडकीच्या आत फेस घालतो पिंगा
लेकाच्या सदऱ्याभोवती टॉवेलांचा दंगा

वरच्या मशीनच्या जाळीत दर खेपेला मऊ धाग्यांचा पापुद्रा साठायचा. तो काढला नाही तर कपडे वाळत नाहीत, हे तिच्या लगेच लक्षात आलं. पण टाकवेना. सदऱ्याचा निळा, टॉवेलचा पांढरा, सगळ्या घराचा कापूस तो! तिनं तो डब्यात भरला. अर्थात झाकणाच्या.

एक गोष्ट मात्र तिच्या जिवाला लागायची. धुणं झालं की सून मशीनचं दार किलकिलं ठेवून जायची. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे. पण आ वासून बसलेलं मशीन आजीला पाहवेना. सुनेची पाठ वळली की ती खट्‌कन दार लावायची आणि वर दुहेरी कापडाची खोळ चढवून नाड्या बांधायची. लाडक्या वस्तूला थंडी कशी लागू द्यायची?

काही दिवसांतच धुतलेल्या सदऱ्याला वास येऊ लागला. कुबट, आंबूस.

"तुझ्या टॉवेलांचा प्रताप," आजी म्हणाली.

"तुमच्या साबणाचा," सून म्हणाली. "ओंजळीनं ओतता. चमचाभर पुरतो."

लेकानं बाही हुंगली आणि निकाल दिला. "दुकानदार महिन्याच्या आत बदलून देतो. उद्या वरून उघडणारंच आणू."

आजी स्टुलावर जाऊन बसली. उद्यापासून खिडकी नाही. इथं बसून नुसती भिंत बघायची!

संध्याकाळी सून दमून आली, पिशवी कोपऱ्यात टाकली. आजीनं ती उघडली आणि नाकाला पदर लावला.

"किती वेळा सांगू, ओलं फडकं कोंडून ठेवू नये! चेन काय लावतेस, वर दुसरी पिशवी काय घालतेस! वारा नाही लागला तर बिचारं आंबणारच..."

वाक्य तिथंच अडलं. आजीची नजर मशीनवर गेली. लावलेलं दार. दुहेरी खोळ. वर नाडीची छान गाठ.

"काय झालं, आई?"

"काही नाही. तू चहा घे."

सून आत जाताच आजीनं नाडी सोडली. दाराच्या रबरी कड्याची घडी उलटली, तर आत काळा बुळबुळीत थर. व्हिनेगरच्या फडक्यानं तिनं घडी न् घडी पुसली. मशीनच्या तळाशी पाणी गाळणारी जाळी होती, तीही उघडली. सुनेची हरवलेली क्लिप आणि लेकाचं बटण गाळासकट बाहेर आलं. मग मशीन रिकामंच गरम पाण्यावर फिरवलं आणि ती शिवणयंत्राकडे वळली.

सकाळी लेक चपला घालत होता. आजीनं नुकताच धुतलेला सदरा त्याच्या नाकासमोर धरला. "हुंग."

त्यानं हुंगला. परत हुंगला. "वास गेला कुठं?"

सून मशीनपाशी वाकली होती. दाराच्या फटीत एक गुबगुबीत बाहुली बसली होती, पाय आत, डोकं बाहेर. अंगात ओळखीच्या कापडाचा झगा.

"आई, ही कोण?"

"राखणदारीण. दार लावू देत नाही."

"कुणाला?"

"कुणालाही!" आजी भिंतीकडे बघत म्हणाली.

सुनेनं बाहुलीचं पोट दाबलं. "आत आपला कापूस दिसतोय. आणि झगा... खोळ कापलीत?"

"गाठ सुटत नव्हती," आजी म्हणाली.

सून खुदकन हसली. "टॉवेलांवर आळ घेतलात तो?"

"तो निम्मा खरा आहे. पिशवी आधी उघडी कर."

सुनेनं चेन सर्रकन ओढली, टॉवेल बाहेर काढून झटकले आणि नवऱ्याला म्हणाली, "चपला काढा. दुकानात जायचं नाहीये."

आजीनं स्टूल पुढं ओढलं. टॉवेल आत गेले, बाहुली तेवढ्यापुरती तिच्या मांडीवर आली आणि खिडकीत पाणी चढू लागलं.

दार किलकिलं ठेवलं, वारा आला माहेराला
फुंकर घालून गेला माझ्या गोल गं चंद्राला