पैकीच्या पैकी

मूल अडीच वर्षांचं होऊनही बोलत नसलं, की घरातले बाकीचे दुप्पट बोलू लागतात. ठकूच्या घरी हेच चाललं होतं. आजीचं म्हणणं, आपल्याकडे सगळे उशिराच बोलले आणि मग थांबले कुठे? आत्या फोनवरून सांगे, पोर शांत आहे, नशीब समजा. वडील म्हणत, बघू. हा त्यांचा सगळ्यावरचा उपाय होता. गळक्या नळावरही ते गेलं वर्षभर तोच करत होते.

आई मात्र नुसतं बघत बसली नाही. हाक मारली तर ठकू वळत नाही, बोट दाखवत नाही, डब्यांची झाकणं तासन्‌तास फिरवत बसते, हे तिने मुलांच्या डॉक्टरांना सांगितलं. कान तपासले, ते ठणठणीत निघाले. डॉक्टरांनी बालविकास केंद्रासाठी चिठ्ठी दिली. तिथे चार महिन्यांची प्रतीक्षायादी. आईने रोज फोन करकरून केंद्रातल्या कारकुनाला जेरीस आणलं, तेव्हा कुठे नंबर लागला आणि फॉर्म घरी आला. चाळीस प्रश्न, उत्तर हो, कधीकधी किंवा नाही.

आई ऑफिसात असताना तो आजोबांच्या हाती पडला. आजोबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेचा निकाल सलग वीस वर्षं शंभर टक्के लागला होता. पोरांना काय येत होतं हा निराळा विषय. छापील प्रश्न दिसले की त्यांना ती परीक्षाच वाटे. दोन शब्द जोडून बोलते का? परवा ती ‘बा बा’ म्हणाली होती. मोजले तर दोन भरतात. हो. मोठ्यांचं अनुकरण करते का? आजोबा शिंकल्यावर ती एकदा शिंकली होती. हो. हवी ती वस्तू मागते का? इथे आजी म्हणाली, मागायची वेळच कुठे येऊ देतो आपण? आजोबांनी ठसठशीत ‘हो’ लिहिलं, शेवटी ‘निवृत्त मुख्याध्यापक’ अशी सही ठोकली आणि फॉर्म स्वतः नेऊन दिला.

आठ दिवसांनी केंद्राचं पत्र आलं. मुलीची प्रगती वयानुसार उत्तम असल्याने तिचं नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. आजोबांनी ते तीन मजल्यांवर फिरवलं.

संध्याकाळी आईने ते खांद्यावरची बॅगही न उतरवता वाचलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, तुम्ही तिला पास केलंत. आता तिला शिकवणार कोण?”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिने ठकूसकट सासूसासऱ्यांना केंद्रात नेऊन बसवलं. थेरपिस्ट बाईंनी फॉर्म चाळला आणि एक सुस्कारा सोडला. असे हुशार फॉर्म त्यांच्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येत. त्यांनी काचेच्या बरणीत बिस्किट टाकलं, झाकण गच्च लावलं, बरणी ठकूपुढे ठेवली आणि मोठ्यांना बजावलं की कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

ठकूने बरणी हलवली, आपटली. आजी दोनदा उठली. दोनदा आईने तिला खाली बसवलं. शेवटी ठकूने आजोबांचं मनगट धरलं आणि पक्कड लावावी तसा त्यांचा हात झाकणाला लावला. चेहऱ्याकडे मात्र तिने एकदाही पाहिलं नाही.

“घरी असंच करते?” बाईंनी विचारलं.

“दिवसभर,” आजोबा म्हणाले. आपण हे रोज पाहत होतो, हे त्यांना आत्ता दिसलं.

“सर, वर्गात ज्याला येत नसे, त्याला तुम्ही पुढच्या बाकावर घेत असाल ना?”

“घ्यायचो की. पण त्याला येत नाही हे आधी कळायला...” आजोबा तिथेच थांबले.

“तेच तर मला कळायला हवंय,” बाई म्हणाल्या. “तुमच्या प्रत्येक ‘नाही’पासून माझं काम सुरू होतं. या वयात मूल खेळता खेळता जे उचलतं, ते पुढे फार कष्टाने शिकवावं लागतं. ती बोलेल की नाही, कधी बोलेल, मी आज सांगू शकत नाही. पण वाट बघून तिला काय मिळणार आहे?”

आजोबांनी कोरा फॉर्म मागून घेतला. पहिलं ‘नाही’ लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. मग ते एकेक प्रश्न सुनेला विचारून लिहीत गेले. एकतीस वेळा ‘नाही’ आलं. लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला; तो स्वच्छच होता.

ठकूला दर गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली.

तर मंडळी, आपलं मूल मागे पडतंय असं वाटलं तर शेजाऱ्यांना सांगू नका हवं तर, पण तपासणाऱ्याला सांगा, आणि लवकर सांगा. मदतीची गरज असणं म्हणजे नापास होणं नव्हे. तिथे खोटं ‘हो’ लिहिलंत तर इभ्रत तुमची राहते, आणि वर्षं त्या लेकराची जातात!