फादरच्या पाठीवरची सवत

माझी सवत कवाच मरून गेली, पर दर रविवारी ती फादरच्या पाठीवर बसून चर्चमधी येती.

कुशाबाई तिचं नाव. इंदापूरची. आमच्या मालकांची पहिली बायको. मरताना बाईनं लग्नातला हिरवा शालू बारामतीच्या चर्चला देऊन टाकला, आन फादरनी त्याचा मिस्सेचा, म्हंजी रविवारच्या उपासनेत घालायचा झगा शिवून घेतला. मिस्सेत फादर वेदीकडं तोंड करून उभं राहत्यात, म्हंजी आमच्याकडं पाठ. त्या पाठीवर तिचा जरीचा पदर, त्यावर मोर. पुरुषांच्या बाजूला बसलेलं मालक त्या मोरावरची नजर काढतील तर शपथ. माझ्याकडं लग्नातबी असं बघितलं न्हाय.

फादर सांगायचं, प्रत्येक रंगाला अर्थ हाय. नाताळाला, ईस्टरला पांढरा, आनंदाचा. हुतात्म्यांच्या रगताचा लाल. मयताला काळा. उपवासकाळात आन नाताळाच्या आधी जांभळा, पश्चात्तापाचा. आन हिरवा आशेचा, बाकीच्या साध्या रविवारांचा. मेले साधे रविवारच जास्ती. बाजरी पेरल्यापासनं ज्वारी कमरंला लागंस्तवर निस्ता हिरवा.

उपवासकाळ लागला की सगळ्यांची तोंडं उतरायची, मी मातूर खुशीत. जांभळा झगा दिसला की माझ्या जिवाला थंडावा.

"ठमाबाई, उपवासात तुझा चेहरा कसा उजळतो," फादर म्हणलं. मी मान खाली घातली. काय सांगू त्यास्नी?

औंदा त्यो हिरवा झगा खांद्यावर फाटला. आता ह्यो चालायचा न्हाय, असं फादर म्हणायचा अवकाश, मी ट्रंकंतला माझा हिरवा शालू त्यांच्या म्होरं ठेवला. मालक जुन्या झग्याची घडी घालत हुतं.

"जुना टाकायचा न्हाई," फादर म्हणलं. "आशीर्वादित कापड हाय. जाळून राख चांगल्या जागी पुरायची. खड्डा कोण खणील?"

"मी खणतो," मालक म्हणलं.

चर्चच्या खिडकीबाहीर कडूलिंबाचं झाड हाय. त्याच्या बुडाला मालकांनी खड्डा खणला, राख वंजळीनं आत ठेवली, वर माती लोटली. मी लांब उभी राहून बघितलं. गेली एकदाची, म्हणलं.

म्होरच्या रविवारी फादरच्या पाठीवर माझा शालू. माझा पदर, माझं पोपट. बायका माझ्याकडं वळून बघत हुत्या. मी डोईवरचा पदर नीट केला आन हळूच पुरुषांच्या बाजूला बघितलं.

मालकांची मान खिडकीकडं वळलेली. घंटा झाली, लोक गुडघ्यावर आलं, तेबी आलं, पर नजर तितंच, लिंबाच्या बुडाला.

"माझा शालू कसा दिसला?" वाटंत मी इचारलं.

"बरा हाय की," मालक म्हणलं, आन म्होरं चालाय लागलं.

आता नाताळाच्या आधी जांभळा येईल, मग पांढरा. येऊ दे. फादर रंग बदलत्यात, लिंब बदलत न्हाय. पानगळीचं चार दिस सोडलं तर त्यो बारा महिनं हिरवा. तेवढं चार दिस माझं.