पाट कोणी फोडला

"पाट कोणी फोडला होता, एकदा सांगून टाक ना," थोरली म्हणाली. आवाज इतका मऊ, जणू शेजारणीकडं विरजण मागायला आली होती.

तेवढ्यानं धाकटीचं डोकं फिरलं. हातातलं फावडं चिखलात आपटून ती ओरडली, "तुझ्या नवऱ्यानं फोडला! किती वेळा सांगू? पाळी संपली तरी पाणी चोरत होता. मी पकडला, म्हणून लाज झाकायला बोंबलला आणि पडला. आता माझ्या मागं का लागलीस भुतासारखी?"

"ओरडू नकोस गं. मी आपलं सहज विचारलं."

"सहज! दर पाळीला बरं सहज सुचतं तुला!"

"मग खरं बोलून मोकळी हो. मीपण मोकळी होते."

धाकटीच्या मानेवरची शीर दोरीसारखी फुगली. थोरलीनं ती डोळे भरून पाहिली आणि आपल्या कांद्याकडं वळली. पाणी द्यायचं अजून बाकी होतं, पण तिचं खरं काम झालं होतं.

दोघी जावा. सख्ख्या भावांच्या बायका. विहीर एक, मोटर एक, पाट एक. शेतं मात्र वाटणी होऊन दोन. पाण्याच्या दिवशी सकाळचं पाणी थोरलीच्या कांद्याला, दुपारचं धाकटीच्या मक्याला, हे सासऱ्यानं ठरवून दिलेलं. सासरा होता तोवर सगळं सुरळीत चाललं. तो गेला आणि धाकटीच्या मक्याला सकाळपासूनच तहान लागायला लागली.

थोरलीच्या नवऱ्याला बीपी होतं. दवाखान्यातून मिळायची ती गोळी घेतली की त्याला लघवी लागायची, आणि एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. दारं धरणाऱ्या माणसाला हे कसं परवडावं? वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढच्याचं उघडायचं, सकाळभर पाटावरून हलायचं नाही. आणि हा बापडा सारखा झाडाआड. धाकटी टपलेलीच असायची. तो आड झाला की फावड्याच्या एका घावात पाट फोडून पाणी आपल्या मक्यात घ्यायची, आणि तो येईस्तोवर बुजवून पुन्हा साळसूदपणे उभी. शेवटी थोरलीनंच तोडगा काढला. "पाण्याच्या दिवशी गोळी घेऊच नका. एक दिवस नाही घेतली तर काय आभाळ कोसळतंय?"

आभाळ कोसळलं. अशाच एका बिनगोळीच्या सकाळी तो जरा वेळ झाडाआड गेला आणि परत येतो तर वाफे कोरडे, पाणी मक्यात. तो इतका ओरडला, इतका ओरडला, की ओरडता ओरडता त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं आणि तो वाफ्यातच आडवा झाला. थोरली जेवण घेऊन पोचली तेव्हा त्याला फक्त "पाट... हिनं..." एवढंच म्हणता आलं. दवाखाना यायच्या आधी तो गेला.

मेला म्हणून थोरली रडली, पण जळली ती पुढच्या गोष्टीनं. त्याची राख थंड व्हायच्या आत धाकटीनं गावभर उलटी कथा पसरवली. चोरी त्यानं केली, पकडली हिनं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही आणि गावाला असली गोष्ट फुकटात मिळाली तर ते कशाला सोडतंय? जन्मभर दुसऱ्याच्या बांधाला हात न लावलेला माणूस मेल्यावर पाणीचोर झाला. लेकीला सासरी कोणीतरी "पाणीचोराची पोर" म्हणालं. ती रडत माहेरी आली त्या दिवशी थोरलीनं ठरवलं, की हिच्या तोंडून, चारचौघांत, खरं वदवून घेईन. नाहीतर माझा माणूस गेला तशीच हिला घालवीन. गोळी आपण बंद केली होती हेही तिला ठाऊक होतं. ते आत कुठंतरी सलायचं, आणि ते जितकं सलायचं तितका तिचा धाकटीवरचा राग वाढायचा.

मग एक दिवस नर्सबाई वस्तीवर आल्या. ओसरीवर बसून त्यांनी एकेकीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. थोरलीचं बीपी वाढलेलं निघालं. धाकटीचं बघताना नर्सबाईंनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा फुगवला.

"बाई, हे फार आहे हो. आजपासून गोळी सुरू करायची. मीठ कमी. आणि चिडायचं नाही."

"मला काय धाड भरलीय?" धाकटी दंड चोळत म्हणाली. "चक्कर नाही, डोकेदुखी नाही. पोतं उचलते मी अजून."

"दुखत नाही म्हणूनच जास्त भीती. झटका न सांगता येतो."

थोरली समोर बसून ऐकत होती. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिला ढकलायला नको की विष घालायला नको. हिला फक्त हिच्याच वाटेनं जाऊ द्यायचं.

"काहीतरीच काय नर्सबाई," ती हसून म्हणाली. "आमच्या धाकटीला कसलं बीपी? घोड्यासारखी धडधाकट आहे ती. गोळ्या आमच्यासारख्या खंगलेल्यांना."

धाकटीला इतक्या वर्षांत थोरलीकडून गोड शब्द मिळाला नव्हता. ती फुलली. गोळ्यांची पुडी तिनं ओसरीवरच ठेवली आणि उठली. नर्सबाई मागून हाका मारत राहिल्या.

थोरलीनं मात्र आपली पुडी पदराला बांधली. आधी तीही गोळीला नाकं मुरडायची. आता तिला जगायचं होतं, धाकटीपेक्षा एक दिवस का होईना जास्त. बिनमिठाचं कालवण ती गवत चघळावं तसं गिळायची. पहिले काही दिवस उठलं की डोळ्यापुढं अंधारी यायची. भिंत धरून उभी राहायची पण गोळी चुकवायची नाही. लघवीचा प्रश्न तिनं आपल्या पद्धतीनं सोडवला. झाडाआड जाणंच बंद केलं. फावडं हातात घेऊन ती सरळ पाटाच्या कडेला बसायची.

"लाज आहे का काही?" धाकटी पलीकडून ओरडायची.

"आहे ना. म्हणून पाणी चोरत नाही."

तिकडून शिव्यांची फैर सुरू झाली, की थोरली शांतपणे पाय धुऊन पुढचा वाफा उघडायची.

एवढ्यावर ती थांबली नाही. धाकटीला लोणच्याचं वेड होतं. थोरलीनं कैऱ्या फोडल्या आणि मिठाला हात सैल सोडला. भरलेली बरणी तिनं दिराच्या हातात दिली. दीर म्हणजे मोटर सुरू करणं, बंद करणं आणि बायको ओरडली की विहिरीकडं जाऊन बसणं, एवढंच ज्याचं आयुष्य, असा भला माणूस.

"भाऊजी, भांडण पाटावरचं. घरात कशाला? द्या तिला, आवडतं तिला."

"वहिनी, तुमचं मन मोठं," दीर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीला क्षणभर कसंनुसं झालं, पण क्षणभरच. तिकडं धाकटीनं बरणी उघडली, बोटानं चाटून पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "वाकली शेवटी! मला ठाऊकच होतं." आणि जिंकल्याच्या खुशीत ती दोन्ही वेळेला फोडीवर फोड खात सुटली. बरणी रिकामी झाली की थोरली भरून द्यायची.

पुढच्या खेपेला नर्सबाईंनी थोरलीचा दंड सोडून कौतुकानं मान हलवली. "उत्तम! कसं जमवलंत? मला इथं कोणी पथ्य पाळणारं भेटत नाही. चेहरासुद्धा तरतरीत दिसतोय."

"मन प्रसन्न ठेवते," थोरली म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं. सूड तिला चांगला मानवला होता. झोप लागायची, भूक लागायची, सकाळी उठायला कारण असायचं.

धाकटीनं पट्टा बांधूनच घेतला नाही. तिचा चेहरा आता सदा तांबारलेला असायचा आणि पायऱ्या चढताना ती मधेच थांबून उगाच कुठंतरी बघत राहायची. थोरली ते सगळं टिपत होती.

त्या दिवशी ऊन असं होतं की पाटातलं पाणीसुद्धा कोमट झालेलं. सकाळची पाळी संपत आली होती. दीर विहिरीवर मोटरीपाशी, त्या घरघरीत त्याला तोफ डागली तरी ऐकू आलं नसतं. धाकटी फावडं घेऊन पाटावर वाट बघत उभी होती.

"किती वेळ गं? सूर्य डोक्यावर आला."

"झालंच. एवढा वाफा." थोरली मुद्दाम सावकाश माती ओढत होती. "तोवर सांग की. पाट कोणी फोडला?"

"पुन्हा तेच?"

"लोक तर म्हणतात, माझा माणूस चोर. तो गेला तेव्हा तुझ्या मक्यात घोट्याएवढं पाणी होतं. माझे वाफे कोरडे. चोराचे वाफे कोरडे कसे गं?"

"गप्प बस!"

"मी गप्पच आहे. तूच ओरडतेस. खोटं बोलणाऱ्यालाच एवढं ओरडावं लागतं."

धाकटी चार पावलं पुढं आली. ओठ थरथरत होते, डोळे लाल. "काय ऐकायचंय तुला? काय? हो! मीच! मीच फो... मी... फ..."

शब्द तोंडातच अडकला. धाकटीलाही आश्चर्य वाटलं असावं, कारण ती स्वतःच्या तोंडाकडं बघायला जावं तशी खाली बघायला लागली. उजव्या हातातून फावडं गळलं. ओठाची कड खाली ओघळली. हे थोरलीनं याआधी पाहिलं होतं.

जे हवं होतं ते समोर उभं होतं. हात बांधून नुसतं बघत राहिलं असतं तरी कोणी विचारलं नसतं. थोरलीनं चहूकडं पाहिलं. शेतात चिटपाखरू नव्हतं. धाकटी कबूल झाली होती, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

"बोल!" तिनं धाकटीला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं. "पुरं बोल! आत्ता नाही मरायचं! सगळ्यांपुढं बोलायचंय तुला!"

धाकटी तिच्या अंगावरच कोसळली. थोरली तिला वाफ्याच्या कडेला टेकवून विहिरीकडं धावली. बिनमिठाचं खाऊन राखलेली सगळी ताकद तिनं त्या धावण्यात घातली. मोटर स्वतः बंद केली आणि दिराच्या कानात किंचाळली, "ट्रॅक्टर काढा!"

धाकटी वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. वाचा हळूहळू येईल कदाचित, नाहीही येणार. पण दुसरा झटका आला तर संपलं. रोज गोळी, मीठ बंद, आणि तिला सांभाळणारं माणूस हवं. दिराच्यानं काय होणार? सांभाळायला थोरली राहिली.

गाव भेटायला आलं. ओसरीवर बाया दाटीवाटीनं बसल्या. धाकटी उशीला टेकून बसलेली. उजवा हात मांडीवर निपचित. तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता. पाणी हवं का विचारलं तरी "नाही". ऊन लागतंय का, तरी "नाही". पाण्याचा पेला स्वतः डाव्या हातानं ओढून घ्यायची आणि म्हणायची "नाही".

थोरलीनं सगळ्यांदेखत विचारलं. "इथं सगळे आहेत. सांग. पाट तू फोडलास ना?"

धाकटीनं तिच्याकडं पाहिलं. डोळे भरून आले. डाव्या हातानं तिनं थोरलीचं मनगट घट्ट धरलं, मान जोरजोरात खालीवर हलवली, घशाच्या शिरा ताणल्या आणि जीव एकवटून बोलली, "नाही! नाही! नाही!"

"अगंबाई," एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "या हालातसुद्धा बिचारीला शपथ घ्यावी लागतेय. सोड ना आता. चोर तर चोर, तो गेला की."

"ती मान हलवतेय," थोरली ओरडली. "मान बघा तिची!"

"झटक्यानं हलते गं मान. आमच्या मामाची पण हलायची."

बाया उठून गेल्या. जाताना थोरलीच्या मोठ्या मनाचं कौतुक करत गेल्या.

थोरलीनं पेल्यात पाणी घेतलं. गोळी सोलून तळहातावर घेतली आणि धाकटीच्या पुढ्यात बसली.

"ऐक. तू बोलेपर्यंत मी तुला मरू देणार नाही. वर्षं लागली तरी चालतील. तुझं मीठ माझ्या हातात, तुझी गोळी माझ्या हातात. तोंड उघड."

"नाही," धाकटी म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.